सेंटओएस ७ ची मुदत संपली. क्लाउडवरील चालू सर्व्हरचे आता काय करावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: क्लाउडवरील आपले दोन सर्व्हर सेंटओएस ७ या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमवर आहेत, ‘यम अपडेट’ (‘यम’ म्हणजे सॉफ्टवेअरची पॅकेजे बसवणारी आज्ञा) दिल्यावर मिररलिस्टचा, म्हणजे पॅकेजे पुरवणाऱ्या सर्व्हरांच्या यादीचा, पत्ता सापडत नसल्याचा संदेश येतो, आणि आहे त्याच यंत्रावर अपग्रेड करावे की नवे यंत्र उभारावे, हे ठरत नाही. माझे मत नव्या यंत्राच्या बाजूने आहे, आणि ते एकदा हात पोळल्यानंतर झालेले आहे.

आधी ‘यम’विषयी. सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली, मिररलिस्ट बंद झाली आणि पॅकेजे ‘व्हॉल्ट’ या जुन्या संग्रहात गेली. रेपोच्या, म्हणजे पॅकेजांच्या भांडाराच्या, फायलींमधील मिररलिस्टच्या ओळी निष्क्रिय करून बेसयूआरएल (भांडाराचा थेट पत्ता) व्हॉल्टकडे वळवल्यास यम पुन्हा चालू लागते. परंतु तेथे मुदतीपर्यंतचीच पॅकेजे आहेत, नवी सुरक्षा-दुरुस्ती त्यात कधीच येणार नाही. स्थलांतरासाठी एखादे साधन बसवण्यापुरताच या वाटेचा उपयोग करावा. मुदत संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी, १ जुलै २०२४ रोजी, ओपनएसएसएच या सर्व्हरवर दुरून प्रवेश देणाऱ्या सॉफ्टवेअरमधील ‘रेग्रेशन’ नावाची गंभीर त्रुटी जाहीर झाली. सेंटओएस ७ मधील ओपनएसएसएच ७.४ इतके जुने होते की ८.५ मध्ये शिरलेली ती चूक त्यात नव्हतीच. हा निव्वळ योगायोग होता. पुढच्या त्रुटीच्या वेळी तो साथ देईल, असे समजू नये.

जागच्या जागी अपग्रेड करण्यासाठी अल्मालिनक्स या सेंटओएसच्याच जातकुळीतल्या प्रणालीचे ‘एलिव्हेट’ हे साधन उपलब्ध आहे. ते सातवरून आठवर आणि आठवरून नऊवर, असे एकेक पायरीने नेते. एका ग्राहकाच्या सर्व्हरवर मी ते वापरले. पूर्वतपासणीत मोठा अडथळा दिसला नाही, म्हणून मी निर्धास्त होतो; पण त्या यंत्रावरील पीएचपी (संकेतस्थळाचा कोड चालवणारी भाषा) अधिकृत रेपोतील नसून बाहेरच्या रेपोतून बसवलेले होते, हे मी पुरेसे लक्षात घेतले नव्हते. अपग्रेडनंतर सातव्या आवृत्तीसाठी बांधलेली ती पॅकेजे तशीच राहिली, त्यांना लागणाऱ्या लायब्ररी मात्र निघून गेल्या, आणि संकेतस्थळ अर्धा दिवस बंद पडले. आधी स्नॅपशॉट, म्हणजे यंत्राची त्या क्षणाची प्रत, घेतला होता, म्हणून निभावले. क्लाउडवर शेजारी दुसरे यंत्र काही मिनिटांत उभे करता येत असताना चालत्या यंत्रावर ही शस्त्रक्रिया करण्याचे कारण मला दिसत नाही.

नव्या यंत्रासाठी अल्मालिनक्स ९ किंवा तशीच दुसरी प्रणाली रॉकी लिनक्स ९ घ्यावी. दोहोंना मे २०३२ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळणार आहेत. काही स्वस्त क्लाउडवर प्रोसेसरचा प्रकार जुना दाखवला जातो आणि नववी आवृत्ती सुरूच होत नाही, म्हणून ते आधी पाहून घ्यावे. सेंटओएस ८ वर थांबण्याचा विचार मात्र करू नका: ती आवृत्ती नंतर येऊनही आधी, ३१ डिसेंबर २०२१ रोजीच, बंद झाली.

खरा वेळ ऑपरेटिंग सिस्टिम बसवण्यात जात नाही, तो तिच्यावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जातो. सेंटओएस ७ सोबत पीएचपी ५.४ आणि मारियाडीबी ५.५ हा डेटाबेस येत असे. ‘मायएसक्यूएल_’ने सुरू होणारी जुनी फंक्शन्स पीएचपी ७ पासून काढून टाकलेली आहेत, त्यामुळे तसा कोड असल्यास तो बदलावाच लागेल. मारियाडीबी १०.२ पासून स्ट्रिक्ट मोड (चुकीचा मजकूर नाकारणारी कडक पद्धत) मुळातच चालू असतो; आकड्याच्या रकान्यात रिकामी अक्षरमाला भरणारा फॉर्म, जो वर्षानुवर्षे मुकाट चालत होता, तो नव्या यंत्रावर त्रुटी देऊ लागतो. डेटाबेसच्या फायली उचलून नेण्याऐवजी डंप, म्हणजे सगळ्या माहितीची मजकूररूपी प्रत, काढून नव्या यंत्रावर भरावा आणि प्रत्येक फॉर्म स्वतः भरून पाहावा. क्रॉनमधील (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) कामे, फायरवॉलचे नियम आणि प्रमाणपत्रांचे नूतनीकरण यांची यादी जुन्या यंत्रावर बसून करावी. आठवणीवर विसंबू नये.

बदलाच्या दिवशी, आपल्या क्लाउडवर राखीव आयपी (एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेता येणारा पत्ता) असल्यास तो नव्या यंत्राला जोडला की काम झाले. तो नसल्यास दोन दिवस आधी डीएनएसचा (संकेतस्थळाचे नाव आयपीशी जोडणाऱ्या नोंदीचा) टीटीएल, म्हणजे जुना पत्ता इतरत्र लक्षात ठेवला जाण्याचा काळ, ३०० सेकंदांवर आणावा. शेवटचा डंप घेण्यापूर्वी जुन्या संकेतस्थळावरील नोंदी थांबवाव्यात, अन्यथा मधल्या काळातील नोंदी हरवतील.

कोड बदलणे इतक्यात शक्यच नसेल, तर टक्सकेअरसारख्या कंपन्या सेंटओएस ७ साठी पैसे घेऊन सुरक्षा-दुरुस्त्या पुरवतात. ती सोय घ्या, पण यंत्राचे एसएसएच (दुरून प्रवेशाची वाट) मोजक्याच आयपींपुरते खुले ठेवा.

जुना सर्व्हर लगेच पुसू नका, नुसता बंद करा. महिनाअखेरचे एखादे क्रॉन काम विसरले असेल, तर ते तेव्हाच उघडकीस येते. महिना सुरळीत गेला की यंत्रासोबत त्याची डिस्क आणि स्नॅपशॉटही काढून टाका. यंत्र बंद असले तरी त्यांचे भाडे बहुतेक ठिकाणी चालूच असते.