इंटर्नशिप सक्तीची केली, तरी मुलं शिकताना दिसत नाहीत. कामातून शिक्षण खरंच उभं कसं करायचं?

तुम्ही लिहिलंय की शेवटच्या सत्रात सगळ्यांना इंटर्नशिपला पाठवता, मुलं प्रमाणपत्र आणतात आणि अहवाल मात्र एकमेकांचे उतरवलेले असतात. अभियांत्रिकीच्या मुलांना कामावर पाठवायचं काम मी बरीच वर्षं बघतेय. माझा अनुभव असा की मुलं कामात कमी पडत नाहीत. त्या कामाबद्दल त्यांच्याशी कुणी बोलतच नाही.

आमची एक विद्यार्थिनी कारखान्याच्या तपासणी विभागात होती. तिच्या रोजनिशीत तीन आठवडे एकच ओळ: 'आज मोजमापं घेतली.' मी गेले आणि तिच्या टेबलाशेजारी बसले. मायक्रोमीटरनं ती शाफ्टचे व्यास मोजत होती आणि काही नग न मोजताच बाजूला ठेवत होती. का, तर म्हणाली, "मॅडम, हे आत्ताच मशीनवरून उतरलेत. गार झाल्याशिवाय माप खरं येत नाही." ५० मिलिमीटर व्यासाचा पोलादी शाफ्ट १० अंशांनी तापला की साधारण ६ मायक्रॉननी (म्हणजे मिलिमीटरच्या सहा हजारांश भागानं) वाढतो, आणि घट्ट बसणाऱ्या भागात तेवढ्यावरही नग नापास होऊ शकतो. पहिल्या वर्षी गणितापुरतं केलेलं प्रसरण आता तिच्या हातात आलं होतं.

"मग हे लिहिलं का नाहीस?"

"हे पण लिहायचं असतं?"

हे तिला आम्हीच कधी सांगितलं नव्हतं. त्यानंतर रोजनिशीत दोनच प्रश्न ठेवले: आज कुठं अडलं? काय ठरवलं आणि का? असं लिहिलेलं दुसऱ्याचं उतरवून चालत नाही.

दुसरं म्हणजे, फक्त शेवटच्या सत्रात पाठवू नका. तिथं पडलेला प्रश्न घेऊन परत यायला मग वर्गच उरत नाही. अभियांत्रिकीचे प्राध्यापक हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात कामातून शिक्षणाची २७ विद्यार्थ्यांपासून सुरुवात केली, तेव्हा एक आठवडा वर्ग आणि एक आठवडा कारखाना अशी पाळी लावली होती. जर्मनीत बाडेन-व्युर्टेम्बर्गच्या दुहेरी विद्यापीठात ही पाळी तीन-तीन महिन्यांची असते. विद्यार्थ्याचा कंपनीशी करार असतो आणि वर्गात बसलेल्या महिन्यांचाही पगार मिळतो. तुम्हाला एकदम एवढं जमणार नाही, पण दुसऱ्या वर्षात चार आठवडे आणि तिसऱ्यात आठ, इतकं वेळापत्रकात नक्की बसतं.

खरी ओढाताण शिक्षकांची होते. कारखान्यातली भेट कार्यभारात तासिका म्हणून धरली जात नसेल, तर दोन महिन्यांत भेटी बंद पडतात आणि फोनवर 'सगळं ठीक?' एवढंच उरतं. प्राचार्यांकडे पहिली मागणी हीच करा. कंपनीच्या बाजूनंही एका माणसाचं नाव आधी ठरवून घ्या. 'कुणीतरी बघेल' म्हटलं की मुलं फायली लावत बसतात.

गुणांचं म्हणाल तर कंपनीनं हजेरी आणि वागणूक जरूर पाहावी, पण विषयाचे गुण तुम्हीच द्या. तोंडी परीक्षेत मी रोजनिशीतलं एखादं पान उघडून विचारते, "इथं तू हे ठरवलंस. उलट ठरवलं असतंस तर काय झालं असतं?" जिनं स्वतः काम केलंय, ती यावर दहा मिनिटं सहज बोलते.