दवाखान्याची पायरी न चढलेल्यांनाही विचारा

मुंबई महापालिकेच्या ‘आपला दवाखाना’ योजनेवर मुलाखतींचा प्रकल्प करतेय. भागधारक म्हणजे नेमके कोण? किती मुलाखती पुरेत? (समाजकार्याची, एमएसडब्ल्यूची विद्यार्थिनी, गोवंडी)

‘भागधारक’ म्हटलं की मला शेअर बाजारच आठवतो. आपण ‘संबंधित लोक’ म्हणू. डॉक्टर, फार्मासिस्ट, आरोग्यसेविका, रांगेतले रुग्ण ही यादी सगळेच करतात. पण दवाखाना दोन गल्ल्यांवर असूनही जी बाई पैसे मोजून खासगी डॉक्टरकडे सुई टोचून घेते, ती यादीत हवीच. तो डॉक्टरही हवा. 2022 च्या नोव्हेंबरात हे दवाखाने सुरू झाले ते घराजवळ मोफत उपचार मिळावेत म्हणून. कामावरून रात्री परतणाऱ्याला ते मिळतात का, हे दुपारच्या रांगेला काय माहीत?

संख्येचं म्हणाल तर, 2006 साली प्रसिद्ध झालेल्या पश्चिम आफ्रिकेतल्या एका अभ्यासात 60 बायकांच्या मुलाखतींतले बहुतेक मुद्दे पहिल्या 12 मध्येच येऊन गेले होते. तेव्हापासून ‘बारा पुरेत’ हा मंत्रच झालाय. पण तिथल्या बायका बऱ्याचशा सारख्या परिस्थितीतल्या होत्या. डॉक्टर आणि नाका कामगार यांची बेरीज करून बारा मोजू नका. प्रत्येक गटात नवं काही निघेनासं झालं की थांबा.

आरोग्यसेविका ‘सगळं व्यवस्थित आहे’ एवढंच म्हणतात. (कुर्ला)

कुठे बसून विचारलंत? माझी पहिली मुलाखत केंद्रातच, डॉक्टरांच्या टेबलाशेजारी झाली. ताई रजिस्टरमधले आकडे वाचून दाखवत होत्या. मग चहाला बाहेर पडलो, तर त्यांनी पिशवीतून दुसरीच वही काढली. अकरा महिन्यांनी भाड्याची खोली बदललेल्या रुग्णांचे नवे पत्ते, शेजारणींचे मोबाइल नंबर, कोण कधी घरी सापडतं ते. ही वही कुठल्याच अहवालात नव्हती.

‘अडचणी काय?’ असं विचारलं की ताईंना आपण तक्रार करतोय असं वाटतं. ‘काल सकाळपासून काय काय केलंत?’ म्हणा. जिने, कुलपं, पाणी यायच्या वेळेला तोंडावर लागलेली दारं, सगळं आपोआप निघतं.

20 पैकी 15 जण समाधानी. 75 टक्के लिहू? (दादर)

नको. मुलाखतीतले 20 जण साऱ्या वस्तीच्या वतीने बोलत नाहीत. टक्के हवेत तर नमुना निवडून सर्वेक्षण करा.

टीबीच्या कार्यक्रमाचे आकडे ऑनलाइन असतात. मग मुलाखती कशाला? (भांडुप)

टीबीच्या रुग्णांना पोषक आहारासाठी निक्षय पोषण योजनेत 2018 पासून महिन्याला 500 आणि नोव्हेंबर 2024 पासून 1000 रुपये थेट खात्यात येतात. जमा झाले, हे संगणक सांगतो. एटीएम कार्ड कोणाकडे असतं, त्या पैशांची अंडी आली की भाडं गेलं, हे घरातलं माणूसच सांगणार.

मात्र दारात उभं राहून ‘टीबी’ हा शब्द उच्चारू नका. दहा बाय दहाच्या खोलीत सासू, मुलं, भिंतीपलीकडे शेजार. कुठे भेटायचं ते रुग्ण बाईलाच ठरवू द्या, रेकॉर्डिंग विचारूनच करा. आणि अहवालात ‘अमुक चाळीतली, शिवणकाम करणारी, 34 वर्षांची’ असं लिहिलंत, तर नाव गाळूनही अख्खी चाळ तिला ओळखते.