घरच्या शाळेतलं श्रुतलेखन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची आहे, घरीच शिकते. रोज दहा शब्द पाठ करून घेते आणि मग लिहायला सांगते. दहाही बरोबर येतात. पण स्वतःच्या मनाने चार ओळी लिहिल्या की तेच शब्द चुकतात. सराव कमी पडतोय का?

सराव भरपूर आहे, पण तो सुट्या शब्दांचा आहे. मराठीत शब्द वाक्यात शिरला की मूळ रूपात क्वचितच राहतो. पाठ झालेली असते ‘विहीर’ आणि लिहायचं असतं ‘विहिरीत’. ‘गरीब’चं ‘गरिबाला’ होतं, ‘फूल’चं ‘फुलांचा’. ‘लाकूड’ तर ‘लाकडाचा’ होताना ऊकारच सोडून देतं. दहा शब्दांच्या यादीत यातलं काहीच येत नाही. यादी बाजूला ठेवा आणि सलग उतारा घ्या. या वयाला चाळीस ते साठ शब्द पुरतात. आठवड्यातून तीनदा, एका वेळी पंधरा-वीस मिनिटं.

उतारा आदल्या दिवशीच तिच्या हातात द्या. अनेक पालक इथे बिचकतात, ही फसवणूक वाटते. पण न दाखवता घेतलं तर ती नुसती परीक्षा होते. ऱ्हस्व-दीर्घ कानाला पुरेसं कळत नाही, ते आधी डोळ्यांनी टिपावं लागतं. तिने उतारा वाचावा, अडतील असे तीन-चार शब्द स्वतः निवडावेत. एकेक शब्द नीट पाहायचा, झाकायचा, न बघता लिहायचा, मग ताडून बघायचा.

दुसऱ्या दिवशी पूर्ण उतारा एकदा वाचून दाखवा. मग चार-पाच शब्दांचा, अर्थ लागेल असा तुकडा एकदाच सांगा. तिने तो मोठ्याने म्हणायचा आणि मग लिहायचा. तोच तुकडा तीन-तीनदा सांगत राहिलात तर मूल लक्ष देऊन ऐकणं सोडतं आणि प्रत्येक अक्षराला तुमच्या तोंडाकडे बघतं. शेवटी उतारा पुन्हा सलग वाचा. या वेळी तिने फक्त तपासायचं.

प्रश्न : सांगताना दीर्घ अक्षर ताणून म्हणावं का? नाहीतर मुलाला कळणार कसं?

ताणू नका. ‘विहीऽऽर’ असं कुणी बोलत नाही, आणि तुम्ही खूण दिली की त्याला आठवायची गरजच उरत नाही. शिवाय नेहमीच्या बोलण्यात ‘आणि’ व ‘पाणी’ यांचे शेवट सारखेच ऐकू येतात. तिथे काय ताणणार? ‘श’ आणि ‘ष’ यांचंही तेच. विरामचिन्हं मात्र सुरुवातीचा महिनाभर खुशाल उच्चारून सांगा, नंतर थांब्यावरून ओळखू द्या.

प्रश्न : चुकलेला शब्द दहा वेळा लिहून घेते, तरी पुन्हा चुकतो. मग तपासायचं कसं?

दहा वेळा लिहिणाऱ्या मुलाची वही जवळून बघा. तिसऱ्या-चौथ्या ओळीनंतर तो शब्द लिहीतच नसतो. आधी खालपर्यंत सगळे ‘वि’, मग सगळे ‘हि’, असा उभा रकाना भरत जातो. हात चालतो, डोकं नाही.

त्याऐवजी मूळ उतारा समोर ठेवून त्यानेच वेगळ्या रंगाच्या पेनने तपासावं. चुकीचं रूप पूर्ण खोडून किंवा त्यावर कागदाची पट्टी चिकटवून बरोबर रूप लिहावं, म्हणजे चुकीचं डोळ्यांसमोर राहत नाही. मग कारण शोधा. समजा त्याने असं लिहिलं : ‘आइने फूलांची परडि खीडकीत ठेवलि.’ चुका पाच दिसतात, पण कारणं दोनच आहेत. ‘आई’, ‘परडी’, ‘ठेवली’ : मराठी शब्दाचा शेवटचा इकार-उकार दीर्घ. ‘आणि’, ‘नि’, ‘परंतु’, ‘तथापि’ असे थोडे अपवाद वेगळे पाठ करावे लागतात. ‘खिडकी’, ‘फुलांची’ : शब्दाचं शेवटचं अक्षर दीर्घ असलं की त्याआधीचा इकार-उकार ऱ्हस्व. पाच शब्द घोटण्यापेक्षा दोन कारणं समजणं स्वस्त पडतं. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या दुसऱ्या नियमाला जुमानत नाहीत : पूजा, परीक्षा, शरीरात. त्यांची वेगळी यादी ठेवा, आठवड्याला पाच शब्द.

चुकलेला शब्द दुसऱ्या दिवशी, चार दिवसांनी आणि पंधरवड्याने नव्या वाक्यात पुन्हा आणा. एका उताऱ्यात चारपेक्षा जास्त चुका आल्या तर मुलाला बोल लावू नका. उतारा अवघड होता किंवा तयारी घाईत झाली होती.

प्रश्न : ‘मुलाना’, ‘झाडाच्या’ असं लिहून अनुस्वार हमखास विसरतो.

विसरत नाही, त्याला तो नीट ऐकूच येत नाही. प्रत्यय लागलेल्या शब्दापाशी एकच प्रश्न विचारायची सवय लावा : एक की अनेक? अनेक असेल तर प्रत्ययाआधी अनुस्वार. आदरार्थी असेल तरीही : ‘आजोबांनी’. (पण ‘आजीने’. मुलं याचं कारण विचारतात. आजोबा आले, आजी आली, या क्रियापदांकडे बोट दाखवा.) ‘झाडाच्या फांद्या तोडल्या’ असं मोघम वाक्य देऊन अनुस्वाराची चूक धरणं अन्यायाचं आहे. ‘दोन्ही झाडांच्या’ असं सांगा.

प्रश्न : उतारे जुन्या पुस्तकांतून घेतले तर चालतील?

वाचायला उत्तम, श्रुतलेखनाला नकोत. मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम राज्य शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले, १९७२ मध्ये त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. त्याआधीच्या छपाईत ‘नांव’, ‘कांहीं’, ‘घरीं’ असे उच्चारात नसलेले अनुस्वार सर्रास आहेत. पुनर्मुद्रणातही ते कधीकधी तसेच राहतात. ‘झाले’ आणि ‘झालं’ दोन्ही चालतात, मात्र एका उताऱ्यात एकच रूप हवं आणि सांगतानाही छापलंय तसंच सांगायला हवं.

प्रश्न : एक मूल सहा वर्षांचं, एक अकराचं. दोघांना एकत्र बसवता येईल?

सहा वर्षांच्या मुलाला श्रुतलेखन देऊ नका, पाहून दोन ओळी लिहू द्या. मोठ्याचा उतारा फोनवर तुकड्या-तुकड्यांनी, मध्ये लिहिण्याइतका थांबा सोडून रेकॉर्ड करा. तो ऐकून लिहीत असेल तोवर तुम्ही धाकट्याजवळ बसा. धाकटा आठाचा झाला की त्याला उतारा सांगायचं काम मोठ्याला द्या. तपासायचं कामही त्याच्याकडेच.