बारावीला पीसीबीत (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) 138 गुण, नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेतही कमी. दारव्ह्याच्या (जि. यवतमाळ) ओबीसी मुलीला बीडीएस, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीला प्रवेश मिळेल का?

मिळू शकतं. बीडीएसची गुणवत्ता यादी नीटवर लागते. बारावीचे गुण फक्त पात्रतेपुरते बघतात. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून 300 पैकी खुल्या प्रवर्गाला 150 लागतात, ओबीसी, एससी, एसटीला 120. म्हणजे 138 वर तुम्ही पात्र आहात, पण ओबीसी म्हणूनच. खेड्यातली मुलं नेमकी इथंच अडकतात: जात वैधता (जातीचा दाखला तपासून मिळणारं प्रमाणपत्र) किंवा नॉन-क्रिमीलेअर (कुटुंब उन्नत गटात नसल्याचं प्रमाणपत्र) वेळेत हाती नसेल तर खुल्यात मोजतात, आणि मग 138 पुरत नाहीत. वैधतेचा अर्ज आजच यवतमाळच्या पडताळणी समितीकडे टाका. आजोबा-पणजोबांचा कोतवाल बुकातला (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीतला) किंवा शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा शोधण्यातच जास्त वेळ जातो.

वैधतेची खात्री नसेल तर बोर्डाच्या श्रेणीसुधार योजनेतून बारावी पुन्हा द्या. 12 गुणांचाच प्रश्न आहे.

खरी मेहनत नीटवर. 720 पैकी 360 गुण एकट्या जीवशास्त्राचे, आणि ते एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकांच्या ओळीओळीवर येतं, त्यामुळे आधी तेच, अकरावीसकट. मग रसायन. भौतिकात उत्तरपत्रिकेवर अंदाजे गोळे काळे करू नका: बरोबरला 4, चुकीला उणे 1. नागपूरचा महागडा क्लास नसला तरी चालेल, पण दर आठवड्याला घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवाच.

‘नीटशिवाय मॅनेजमेंट कोट्यात (खासगी कॉलेजच्या व्यवस्थापनाच्या जागांवर) बसवतो’ म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका. त्या कोट्यालाही नीट पात्रता लागतेच.