वाचकांचे प्रश्न : ‘द मिलर्स’ दुसऱ्या पर्वातच का गुंडाळली गेली?

प्रश्न : ‘द मिलर्स’ ही अमेरिकी विनोदी मालिका मी नुकतीच पाहून संपवली. मुलाच्या घटस्फोटाची बातमी ऐकून वडीलच संसार मोडतात, आई मुलाच्या घरी राहायला येते आणि वडील मुलीच्या घरी जातात, ही कल्पना मला फार आवडली होती. कलाकारही नावाजलेले आहेत. पहिल्या वर्षी मालिका चांगली चालली होती असे वाचले. मग दुसऱ्या पर्वात अकरा भागांवरच ती का थांबली?

उत्तर : आपण कल्पनेचे कौतुक केलेत ते योग्यच आहे, कारण या मालिकेची सर्वांत मोलाची गोष्ट तीच होती. ग्रेग गार्सिया यांनी निर्माण केलेली ही मालिका ऑक्टोबर २०१३ मध्ये सीबीएस वाहिनीवर सुरू झाली. विल आर्नेट यांनी रंगवलेला नेथन हा स्थानिक वृत्तवाहिनीचा बातमीदार आपला घटस्फोट आईवडिलांपासून लपवून ठेवतो. अखेर तो सांगून टाकतो तेव्हा वडिलांना धक्का बसण्याऐवजी धीर येतो आणि ते त्रेचाळीस वर्षांचा संसार सोडून बाहेर पडतात. आईच्या भूमिकेत मार्गो मार्टिंडेल आणि वडिलांच्या भूमिकेत बो ब्रिजेस होते. पहिला भाग जेम्स बरोज यांनी दिग्दर्शित केला होता. विनोदी मालिकांच्या जगात याहून अनुभवी दिग्दर्शक मिळणे कठीण. अशा मंडळींच्या हाती एवढी सकस कल्पना असताना मालिका ३४ भागांत आटोपली, याचे मला आजही वाईट वाटते.

तात्कालिक कारण वेळापत्रकात सापडते. पहिल्या पर्वात ही मालिका गुरुवारी रात्री साडेआठला, म्हणजे ‘द बिग बँग थिअरी’ या त्या काळच्या अत्यंत लोकप्रिय मालिकेच्या लगेच नंतर दाखवली जात असे. आधीचा कार्यक्रम संपल्यावर वाहिनी न बदलता बसून राहणारा प्रेक्षक पुढच्या कार्यक्रमाच्या हिशेबात जमा होतो. त्यामुळे पहिल्या वर्षीचे आकडे भरघोस दिसले आणि मार्च २०१४ मध्ये दुसऱ्या पर्वाला मंजुरीही मिळाली. २०१४ च्या ऑक्टोबरात मात्र मालिका सोमवारी गेली. पहिल्या आठवड्यानंतर ‘द बिग बँग थिअरी’चा शेजारही सुटला आणि प्रेक्षकसंख्या झपाट्याने खाली आली. चार भाग दाखवून झाल्यावर नोव्हेंबरच्या मध्यात वाहिनीने मालिका बंद केली. तोवर अकरा भागांचे काम झालेले असल्यामुळे आपल्याला अकरा भाग पाहायला मिळतात.

पण जागा बदलल्यामुळे मालिका बुडाली एवढेच म्हणून थांबणे मला पटत नाही. जागा बदलली तरी प्रेक्षक शोधत मागे येतो, आणि तो येतो तो पात्रांसाठी. येथे पात्रांचे काय केले ते पाहावे. सत्तरीच्या उंबरठ्यावरचा माणूस संसार सोडतो, त्याच्या पत्नीला एका दिवसात मुलाच्या घरातली पाहुणी व्हावे लागते, आणि आपण आधी घर मोडले म्हणून हे झाले हा सल मुलाच्या मनात राहतो. या तीन गोष्टींवर वर्षानुवर्षे लिहिता आले असते. लेखकांनी मात्र पहिल्याच भागापासून पोटातल्या वायूवरचे विनोद आणि आईचे मुलाच्या खासगी आयुष्यात नाक खुपसणे यांवर भिस्त ठेवली. विनोद हलका असण्याला माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो आईला केवळ उपद्रव आणि वडिलांना केवळ वेंधळेपणा एवढ्यावर आणून ठेवण्याला. मार्टिंडेल यांना २०११ मध्ये एका गुन्हेगारी मालिकेतल्या कठोर, भीतिदायक आईच्या भूमिकेसाठी एमी पुरस्कार मिळाला होता. एका नजरेत माया आणि धाक दोन्ही दाखवू शकणाऱ्या या अभिनेत्रीला येथे बहुतेक प्रसंगांत आरडाओरडाच करायला लावले आहे. दुसऱ्या पर्वात आईचा नवा मित्र म्हणून शॉन हेज यांना आणले. ते विनोदाचे जाणकार कलाकार आहेत, पण उणीव नव्या माणसाची नव्हतीच. नवरा असा अचानक का गेला, हा प्रश्न घरातल्या कोणीतरी शांतपणे विचारण्याची उणीव होती.

प्रश्न : त्याच वर्षी त्याच वाहिनीवर सुरू झालेली ‘मॉम’ आठ पर्वे चालली. तीही आई आणि मोठी मुलगी यांचीच गोष्ट होती. मग हा फरक केवळ नशिबाचा म्हणायचा का?

उत्तर : नशिबाचा वाटा नाकारता येणार नाही, कारण २०१४ च्या शरदात गुरुवारची साडेआठची ती मोक्याची जागा ‘मॉम’लाच मिळाली. मात्र पहिले पर्व तिने सोमवारी उशिराच्या वेळेत, त्या आधाराशिवाय पार पाडले होते, हे ध्यानात घ्यायला हवे. दोन्ही मालिका एकाच पद्धतीने, म्हणजे प्रेक्षकांसमोर अनेक कॅमेऱ्यांनी चित्रित केलेल्या होत्या. फरक होता तो आईमुलीच्या भांडणामागच्या इतिहासात. अॅलिसन जॅनी यांची बॉनी आणि अॅना फॅरिस यांची क्रिस्टी या दोघीही दारूच्या व्यसनातून बाहेर पडत आहेत, आणि आपले बालपण आईने वाया घालवले हा मुलीचा आरोप खरा आहे. आईलाही तो ठाऊक आहे. त्यामुळे तिने केलेल्या थट्टेतही अपराधाची जाणीव राहते आणि हसता हसता प्रेक्षक तिचा विचार करू लागतो. दुसऱ्या पर्वात तर क्रिस्टीच्या वडिलांचा मृत्यू दाखवण्याचे धाडस लेखकांनी केले. जॅनी यांना या भूमिकेसाठी २०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षे एमी मिळाला आणि मालिका २०२१ मध्ये १७० भागांवर थांबली. ‘द मिलर्स’मध्येही दुखावलेली माणसे होती. त्यांच्या दुखण्याजवळ थांबायला मात्र लेखक तयार नव्हते.

प्रश्न : २०१३ मध्ये आईवडील आणि मोठी मुले एका घरात आणणाऱ्या इतक्या मालिका एकदम कशा आल्या?

उत्तर : त्या वर्षी सुरू झालेली ‘हाउ टू लिव्ह विथ युअर पेरेंट्स’ ही मालिका एबीसी वाहिनीवर १३ भागांत संपली आणि फॉक्स वाहिनीवरची ‘डॅड्स’ १९ भागांत. त्यामागे अमेरिकेतली परिस्थिती होती. २००८ च्या मंदीनंतर नोकरी आणि घरभाडे यांचे गणित न जुळल्याने अनेक तरुण आईवडिलांकडे परतले. प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीनुसार २०१२ मध्ये १८ ते ३१ वयोगटातील ३६ टक्के तरुण पालकांच्या घरी राहत होते. एबीसीच्या मालिकेतली नायिका अशीच, लहान मुलीला घेऊन माहेरी परतलेली होती.

‘द मिलर्स’ने नेमका उलटा प्रवास दाखवला, आणि त्यालाही आधार होता. पन्नाशी ओलांडलेल्यांमधले घटस्फोटाचे प्रमाण अमेरिकेत १९९० ते २०१० या काळात दुप्पट झाले, आणि २०१० मध्ये दर चार घटस्फोटितांपैकी एक जण पन्नाशीपुढचा होता. या वयात वेगळे झालेले आईवडील राहणार कुठे आणि त्यांचा भार कोणत्या भावंडावर किती पडणार, हे प्रश्न असंख्य घरांत खरोखर चालू होते. नेथन आणि डेबी या भावाबहिणीने एकेक पालक वाटून घेणे हे त्यामुळेच केवळ गमतीचे सूत्र नव्हते. आपण मालिका पुन्हा पाहणार असाल, तर भाऊ आणि बहीण यांच्यातल्या या वाटणीच्या प्रसंगांकडे जरूर लक्ष द्यावे, कारण डेबी झालेल्या जेमा मेस आणि आर्नेट यांच्या त्या संवादांत न लिहिल्या गेलेल्या चांगल्या मालिकेची चुणूक दिसते.

प्रश्न : बंद झाल्यानंतर उरलेले भाग अमेरिकेत दाखवले गेले का?

उत्तर : होय. उरलेले सात भाग सीबीएसने २०१५ च्या उन्हाळ्यात दाखवून टाकले.