डेनाली विमानातून बघायचाय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही सॅन होजेला राहतो. जूनमध्ये माझे आई-बाबा साताऱ्याहून येतायत आणि त्यांना अलास्काला न्यायचं नक्की केलंय. बाबा 71 वर्षांचे, उभं आयुष्य सह्याद्रीत भटकले, आता गुडघ्यांमुळे चढणं बंद झालंय. टल्कीटना गावाहून छोटी विमानं तिथल्या डेनाली डोंगराकडे नेतात आणि ग्लेशियरवर (हिमनदीवर) उतरवतात, त्या फेरीला त्यांना न्यावं असं फार वाटतंय. नवरा म्हणतो डेनाली नॅशनल पार्कच्या बसमधून डोंगर दिसतोच की, एवढे पैसे कशाला. आईला छोट्या विमानाची भीती वाटते आणि बाबांना बीपीची गोळी चालू आहे. काय करू?
– एक वाचक, सॅन होजे

उत्तर : बाबांना न्याच. काटकसर करायचीच असेल तर हॉटेलात करा, भाड्याच्या गाडीत करा, ग्लेशियर लँडिंगमध्ये नको.

आधी यजमानांच्या मुद्द्याचं बोलू, कारण तो बऱ्याच घरांत निघतो. डेनाली बसमधून दिसतो, पण दिसला तर. पार्कला येणाऱ्या साधारण तीनातल्या एकालाच तो दिसतो असं पार्कवालेच सांगतात, कारण अलास्काच्या आखातावरून येणारी दमट हवा या एवढ्या मोठ्या भिंतीला आपटते, वर चढते, थंड होते आणि उन्हाळाभर डोंगराभोवती ढग बांधून ठेवते. त्यात पार्कचा रस्ता 92 मैलांचा, पण प्रिटी रॉक्स नावाच्या जागी डोंगरउतार सरकत गेल्यामुळे 2021 पासून बस 43व्या मैलाच्या आसपासच थांबायला लागल्या. तिथे पूल बांधायचं काम घेतलंय, म्हणून जायच्या आधी सध्या बस कुठपर्यंत जाते ते बघून घ्या. अस्वलं, कॅरिबू (तिथली रानटी हरणं), टुंड्रा (झाडं नसलेला थंड माळ) यासाठी बस जरूर करा, पण ती वेगळी गोष्ट आहे आणि डोंगर बघणं वेगळी.

आणि हा डोंगर जवळून बघण्यासारखाच आहे हो. उंची 20,310 फूट, म्हणजे आकडा म्हणून एव्हरेस्टपेक्षा बराच कमी, पण एव्हरेस्ट तिबेटच्या बाजूने आधीच उंच असलेल्या पठारावर उभा आहे, तिथून तो साधारण 12,000 फूट वर जातो, आणि डेनालीच्या आजूबाजूची जमीन दोनेक हजार फुटांवर, तिथून तो एका दमात 18,000 फूट उठतो. (हल्ली सरकारी नकाशावर माउंट मॅकिन्ली लिहिलेलं दिसेल, जानेवारी 2025 पासून सरकारी नाव परत तेच केलंय, डोंगर तोच, गोंधळू नका. अलास्कात लोक डेनालीच म्हणतात आणि पार्कचं नावही डेनालीच आहे.)

आता फेरीत काय काय दिसतं ते थोडं सविस्तर सांगते, कारण बाबांना आधी माहीत असेल तर ते दुप्पट बघतील. टल्कीटना हे तीन नद्यांच्या संगमावरचं छोटंसं गाव, अँकरेजहून गाडीने अडीच तास, ट्रेनही थांबते, डेनाली चढणाऱ्या प्रत्येक गिर्यारोहकाला आधी इथल्या रेंजर स्टेशनवर हजेरी लावावी लागते. विमान सुटलं की खाली स्प्रूसचं जंगल, तळी आणि राखाडी पाण्याच्या वेणीसारख्या नद्या दिसतात. पाणी राखाडी का, तर ग्लेशियर सरकताना खालचा खडक अगदी पिठासारखा दळला जातो आणि ते पीठ पाण्यात तरंगत वाहतं. मग एक मळकट, दगडधोंड्यांचा पट्टा लागतो, बघणाऱ्याला वाटतं खाण आहे की काय, तर ते ग्लेशियरचं शेपूट असतं, वर दगडांचा थर आणि खाली बर्फ. तिथून पुढे बर्फ उघडा पडायला लागतो, भेगा दिसतात, भेगांमधला निळा रंग दिसतो, जुलैत गेलात तर बर्फावर साठलेल्या पाण्याची निळीशार डबकी पण दिसतात.

आणि मग रूथ ग्लेशियरची ग्रेट गॉर्ज, म्हणजे अरुंद खोल दरी. दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटचे सरळसोट कडे, बर्फापासून वर पाच हजार फुटांपर्यंत, आणि मधून विमान जातं. बाबांना सांगा, समुद्रसपाटीपासून कळसूबाईचा माथा जेवढा उंच, जवळजवळ तेवढा नुसता कडाच आहे इथे, आणि ग्लेशियरचा बर्फ खाली आणखी तीन-साडेतीन हजार फूट खोल आहे, म्हणजे दरीचा खरा तळ आपल्याला दिसतच नाही. तो बर्फ दिवसाला तीनेक फूट सरकतो. सह्याद्री पायाखालून गेलेल्या माणसाला हे आकडे ऐकल्यावर काय होईल ते तुम्हीच बघा.

गॉर्ज संपली की डोंगरांनी वेढलेलं प्रचंड पांढरं मैदान लागतं, शेल्डन अँफिथिएटर. डॉन शेल्डन नावाच्या टल्कीटनाच्या पायलटचं नाव आहे त्याला, ग्लेशियरवर विमान उतरवायच्या कामात त्याची उमर गेली. विमानाच्या चाकांना स्की जोडलेल्या असतात, डांबरी धावपट्टीवर चाकं आणि बर्फावर स्की. आम्ही बीव्हर नावाच्या छोट्या विमानात होतो, उतरायच्या आधी पायलटने सीटजवळचा दांडा हातपंपासारखा वरखाली मारला आणि खिडकीतून मला स्की हळूहळू चाकाच्या खाली सरकताना दिसली. मग चढाच्या दिशेने टेकलो, म्हणजे विमान आपोआप थांबतं, आणि परत उडताना उताराचा फायदा मिळतो. उतरल्यावर समोरचा कडा इतका जवळ वाटला की चालत पाच मिनिटांत हात लावून येऊ, तेवढ्यात त्या कड्याच्या पायथ्याशी डासाएवढं काहीतरी सरकताना दिसलं आणि पायलट म्हणाला ते आमचंच दुसरं विमान आहे, दहा सीटचं. तिथे माझ्या डोक्यात त्या जागेचा आकार शिरला, फोटोत तो कधीच शिरला नव्हता. म्हणून मी लँडिंगचा एवढा आग्रह धरते, नुसतं वरून बघताना आपल्याला मापच कळत नाही.

बाबांचं बीपी. मी डॉक्टर नाही, त्यामुळे त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा, पण काय विचारायचं ते सांगते. या विमानांची केबिन प्रेशराइज्ड नसते, म्हणजे वर गेलं की आतली हवाही बाहेरच्यासारखीच विरळ होते. लँडिंगची जागा साधारण साडेपाच-सहा हजार फुटांवर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा हजार-दीड हजार फूट जास्त, उडताना त्याहून बरंच वर जातात. शिखराच्या उंचीपर्यंत नेणारी वेगळी फेरी असते, तिच्यात ऑक्सिजन देतात, ती आई-बाबांसाठी घेऊ नका, गरजही नाही, खरी मजा गॉर्ज आणि ग्लेशियरची आहे. गुडघ्यांसाठी एक बघा, विमानात चढायला दोन-चार पायऱ्यांची लहान शिडी असते, लोक हात देतात पण पाय उचलावा लागतो. बर्फावर तुमच्याच बुटांवरून चढवायचे मोठे बूट कंपनी देते. दुपारी बर्फ भुसभुशीत होतो, पाय आत जातो, तेव्हा बाबांनी विमानाजवळच उभं राहिलं तरी सगळं दिसतं. गॉगल मात्र विसरू नका, बर्फावरचं ऊन डोळ्यांना खरंच त्रास देतं.

आईंची भीती रास्त आहे, तिला हसून उडवून लावू नका. विमानं जुनी दिसतात, आणि आहेतच, बीव्हर पहिल्यांदा 1947 मध्ये उडालं आणि ऑटर, म्हणजे त्याच्याहून मोठं विमान, 1951 मध्ये, दोन्हींचं उत्पादन 1967 मध्ये बंद झालं. पण अशा विमानांची ठरलेल्या तासांनी तपासणी होते, सुटे भाग बदलतात, बऱ्याच ऑटरमध्ये आता टर्बाइन इंजिन आहे. खरा धोका विमानाच्या वयापेक्षा ढग आणि डोंगर एकत्र येतात त्याचा. ऑगस्ट 2018 मध्ये याच भागात एक बीव्हर खराब हवेत डोंगराला धडकलं, पायलट आणि चारही पर्यटक गेले. हे लपवून आईंना न्यायचं मला पटत नाही. त्यांना सगळं सांगा, मग त्या नाही म्हणाल्या तर नाही, टल्कीटनाच्या नदीकाठी बसून पण डेनाली दिसतो (हवा असेल तर) आणि ती संध्याकाळ काही वाया जात नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मी प्रत्येकाला सांगते. टल्कीटनात निदान दोन रात्री ठेवा आणि बुकिंग पहिल्याच दिवसाचं करा, म्हणजे हवेमुळे रद्द झालं तर दुसरा दिवस हातात असतो. लोक काय करतात, अँकरेजहून सकाळी निघतात, दुपारची फेरी, रात्री फेअरबँक्सचं हॉटेल, आणि मग पायलट नाही म्हणाला की काउंटरवर उभं राहून हुज्जत घालतात, आम्ही इतक्या लांबून आलोय वगैरे. कृपा करून पायलटला कधीही गळ घालू नका. तो नाही म्हणतोय म्हणजे तो त्याचं काम नीट करतोय. हवेमुळे रद्द झालं तर बहुतेक कंपन्या पैसे परत करतात, आणि उडालात पण ग्लेशियरवर उतरता आलं नाही तर लँडिंगचे वेगळे घेतलेले पैसे परत मिळतात का ते बुक करतानाच विचारून ठेवा. जूनमध्ये रात्री अकरा-साडेअकरापर्यंत उजेड असतो, त्यामुळे संध्याकाळच्या फेऱ्या पण असतात, दुपारी ढग असले तरी आशा सोडू नका.

प्रश्न : आमचा आठ वर्षांचा मुलगा घाटात हमखास ओकतो. त्याला अशा विमानात न्यावं का? पोर ओकलं तर सगळ्यांची फेरी बिघडेल.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : न्यावं. सकाळची पहिली फेरी घ्या, ऊन चढायच्या आधी हवा बरीच शांत असते, दुपारी जमीन तापली की धक्के वाढतात. पूर्ण उपाशी नेऊ नका, तासभर आधी कोरडं काहीतरी खायला द्या, दूध नको. गोळी द्यायची असेल तर बालरोगतज्ज्ञांना डोस विचारून निघायच्या आधीच द्या, मळमळायला लागल्यावर दिलेल्या गोळीचा उपयोग होत नाही. त्याला फोन किंवा कॅमेरा हातात देऊ नका, हे फार महत्त्वाचं आहे, कारण छोट्या स्क्रीनमध्ये डोकं घालून बसलेली मोठी माणसंच आधी आजारी पडतात. लांबच्या डोंगरावर नजर ठेवायला सांगा, हेडसेट असतोच, पायलटला प्रश्न विचारू दे, बोलण्यात लक्ष गुंतलं की निम्मा त्रास कमी. पिशव्या सीटपाशी असतात का ते बसल्याबसल्या बघून घ्या. बाकीच्यांची फेरी बिघडेल ही काळजी सोडून द्या, पायलटांना रोजची सवय आहे.

प्रश्न : बुकिंगच्या फॉर्मवर वजन विचारलंय. खरं लिहायलाच हवं का? आणि खिडकीची सीट मागता येते का, फोटो चांगले यायला हवेत.
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : खरंच लिहा, कपडे-बूट-कॅमेऱ्यासकट. एवढ्या लहान विमानात कोण कुठे बसलंय यावर विमानाचा तोल ठरतो, इंधन किती घ्यायचं आणि बर्फावरून परत उडता येईल का हे गणित त्या आकड्यावर असतं. काही ठिकाणी काट्यावर उभं करतात. सीटही त्यामुळेच पायलट ठरवतो, मागून मिळत नाही, पण बीव्हर-ऑटरमध्ये बहुतेक सगळ्यांना खिडकी मिळतेच, आणि येताना-जाताना डोंगर दोन्ही बाजूंना येतात.

फोटोंसाठी गडद रंगाचा शर्ट घाला, पांढरा घातलात तर प्रत्येक फोटोत काचेवर तोच दिसतो. फोन काचेच्या जवळ धरा पण टेकवू नका, टेकवला की इंजिनाची थरथर फोटोत येते. पोलरायझर फिल्टर काढून ठेवा, विमानाच्या प्लास्टिकच्या खिडकीतून त्याने इंद्रधनुष्यासारखे पट्टे येतात. बर्फ फोटोत मळकट राखाडी येतो, तेव्हा एक्स्पोजर थोडं वाढवा. आणि गॉर्जमध्ये शिरल्यावर निदान काही मिनिटं कॅमेरा मांडीवर ठेवा, प्लीज.

प्रश्न : आम्ही पुण्याहून ग्रुप टूरने जातोय, क्रूझ आणि नंतर ट्रेन. टल्कीटनात फक्त एक दुपार आहे. एवढ्या वेळात जमेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : वेळ पुरतो, लँडिंगसकट फेरी साधारण दीड-दोन तासांची. प्रश्न हवेचा आहे, आणि तुमच्या हातात दुसरा दिवस नाही. तरी बुक करा, पण टूर लीडरला आधीच सांगून ठेवा की फेरी पुढे-मागे सरकली तर तुमच्यासाठी थांबता येईल का, आणि नसेल तर तुम्ही मागून स्वतः हॉटेलवर कसे पोचणार. जुलै संपता संपता जाणार असाल तर लँडिंग चालू आहे का तेही विचारा, बर्फ वितळून भेगा उघड्या पडल्या की उतरायची जागा बदलतात किंवा लँडिंग बंदच करतात.

टल्कीटनात नाहीच जमलं तर अँकरेजला एखादा मोकळा दिवस आहे का बघा. तिथे विमानतळाला लागूनच लेक हूड आहे, पाण्यावरून उडणाऱ्या विमानांचा मोठा तळ, तिथून आसपासच्या ग्लेशियरवर फेऱ्या जातात आणि हवा असेल तर थेट डेनालीपर्यंतही नेतात, फक्त त्याला जास्त वेळ आणि जास्त पैसे लागतात. डेनालीवर ढग असले तरी अँकरेजच्या बाजूला हवा मोकळी असू शकते, म्हणून टल्कीटनाची फेरी रद्द झाल्याचं कळलं की त्याच दिवशी फोन करून दुसऱ्या दिवशीची जागा विचारा, सीझनमध्ये त्या सीट पटकन भरतात.