मेहुणा पुढं बसला की होडी पळते

प्रश्न : बामणोलीला आमची १४ फुटी फायबरची होडी आहे, मागं २५ अश्वशक्तीची टू-स्ट्रोक मोटार, सेल्फ-स्टार्टची. पलीकडच्या काठावर शेताला जायला वापरतो. मी एकटा असलो की पुढचं टोक आभाळाकडं जातं आणि फुल्ल थ्रॉटलला मोबाइलवर २६ किलोमीटर वेग दिसतो. मेहुणा पुढच्या फळीवर बसला की तीच होडी ३४ ने जाते. वजन वाढल्यावर वेग कसा वाढेल? मोटार विकणारे म्हणतात, ४० ची घ्या. घेऊ का?
– एक वाचक, बामणोली (ता. जावळी)

उत्तर : घेऊ नका. होडीचं दुखणं तुमच्या मेहुण्यांनी दाखवून दिलंय, तिथंच औषध करू.

होडी हळू असते तेव्हा पाणी बाजूला सारत जाते. वेग वाढला की ती स्वतःच केलेल्या लाटेच्या चढावर येते. तो चढ ओलांडून ती पाण्यावर आली, म्हणजे प्लेनिंगला लागली, की तळाचा थोडाच भाग ओला राहतो आणि वेग सुटतो. तुम्ही एकटे असता तेव्हा सगळं वजन मागं : मोटार, तुम्ही, टाकी, बॅटरी. मागचं बूड बसतं, नाक वर जातं आणि मोटारीचा सगळा जोर तो चढ चढण्यात जातो. वर ४० ची मोटार लावली तर मागं आणखी वजन येईल.

आकडे मांडून बघू. हल, म्हणजे होडीचं नुसतं धड, १५० किलो, मोटार ५०, तुम्ही ८०, भरलेली २५ लिटरची टाकी २४, बॅटरी १८, किरकोळ ८. एकूण ३३० धरू. टाकी मागच्या फळीजवळून उचलून २.१ मीटर पुढं ठेवली, बॅटरी २ मीटर पुढं नेली, तर एकूण वजनाचा मध्य साधारण २६ सेंटिमीटर पुढं सरकतो. ६० किलोचे मेहुणे पुढं बसल्यावरही तो जवळपास तेवढाच, २९-३० सेंटिमीटर सरकतो. म्हणजे त्यांचं काम टाकी आणि बॅटरी करू शकतात, आणि ६० किलो ओझंही वाचतं.

पण एकदम सगळं पुढं नेऊ नका. आधी फक्त टाकी, तीही फूट-फूटभर. फार पुढं गेली तर नाक पाण्यात घुसतं, तळ जास्त ओला होऊन वेग पडतो आणि होडी भलतीकडं वळू पाहते. दुपारी जलाशयावर वारा सुटतो, तेव्हा तेच नाक लाट आत घेतं. टाकीची नळी लांब घ्याल ती आतून त्याच व्यासाची, आणि पंपाच्या फुग्यावरचा बाण मोटारीकडं.

वजन हलवायच्या आधी एक काम मात्र नक्की करा. २०१९ च्या महापुरानंतर माझ्याकडं एका गावची बोट आली होती, 'उठतच नाही' म्हणून. मोटार तपासली, काही नाही. मग तळाच्या वरच्या फळीला ड्रिलनं भोक पाडलं, तर पाण्याची धार लागली. चार बादल्या भरल्या, आणि तळात भरलेला फोम तर स्पंजासारखा भिजलेला. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि नाक वर गेलं की मोकळं पाणी नेमकं मागं धावतं. तुमची होडी उतारावर ओढून घ्या, नाक वर ठेवून ड्रेन-प्लग, म्हणजे पाणी काढायचं बूच, काढा आणि रात्रभर तशीच ठेवा. सकाळी खालची माती ओली आहे का बघा. तळाचं शेवाळही खरवडा. दिसायला पातळ असतं, पण वेग खातं.

मग मोटारीची उंची. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते, ती तळाच्या सरळ रेषेत हवी. तळाखाली सरळ लाकडी पट्टी धरून बघा. पंख्यावरची पट्टी फार खाली असेल तर मोटारीचा पाय उगाच पाणी ओढतो, फार वर असेल तर वळताना पंखा हवा पकडून ओरडतो. मोटारीचा तिरकेपणा ठरवणारी पिनही एक भोक होडीकडं आत घ्या. पाय आत आला की नाक दबतं. उलट, पिन जास्त बाहेर असेल तर होडी घोड्यासारखी उसळते.

एक गोष्ट आपल्या भागाची. कोयनेचं धरण भरलं की शिवसागराचं पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे २,१६० फुटांवर असतं. तिथली हवा विरळ, त्यामुळं कार्ब्युरेटरच्या मोटारीचा जोर सहा-सात टक्के कमी पडतो. मालवणला जो पंखा चालतो, तो बामणोलीला थोडा जड होऊ शकतो. फुल्ल थ्रॉटलला मोटारीचे फेरे पुस्तकात दिलेल्या मर्यादेच्या खाली राहत असतील, तर पिच, म्हणजे पंखा एका फेऱ्यात जेवढं पुढं सरकायला बनवलेला असतो ते अंतर, एक इंच कमी असलेला पंखा लावून बघा.

मोजताना एका वेळी एकच बदल करा. त्याच टप्प्यात जाताना आणि येताना मोजा आणि सरासरी घ्या, नाहीतर वाऱ्याचं श्रेय टाकीला मिळेल. एकटे असाल तेव्हा मोटार बंद करणारी दोरी मनगटाला बांधलेलीच हवी, लाइफ जॅकेट अंगात.

प्रश्न : होडी एका बाजूला ओढते, हँडल धरून हात दुखतो. का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : पंख्याच्या पट्टीखाली एक छोटा पंख स्क्रूनं बसवलेला असतो. होडी डावीकडं ओढत असेल तर त्याचं मागचं टोक थोडं डावीकडं वळवा, उजवीकडं ओढत असेल तर उजवीकडं. एका वेळी थोडंसंच. त्याआधी बघा, तुम्ही उजव्या कडेला बसून डाव्या हातानं हँडल धरता, आणि टाकीही उजवीकडंच नाही ना? असेल तर ती डावीकडं न्या. बामणोलीच्या वाचकांनी पुढच्या पत्रात पंख्यावर कोरलेले आकडे आणि नवी मोजमापं जरूर लिहावीत, पिचचा हिशेब मी करून देतो.